फलकावरचे अक्षर कोण घडवणार?

दहावीचे आणि पीयूसीचे निकाल लागले की गावातल्या शिक्षकाच्या ओसरीवर माणसांची वर्दळ सुरू होते. मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला, आयटीआय बरे की डिप्लोमा, मुलीला नर्सिंगला पाठवावे की डी.एड.ला, हे प्रश्न आता पाठ झाले आहेत आणि त्यांची उत्तरेही. यंदा मात्र आमच्या गुंजीतच एक वेगळा प्रश्न दारात आला. एक शेतकरी गृहस्थ पीयूसी झालेल्या मुलीला घेऊन आले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चित्रांच्या कागदांची गुंडाळी. म्हणाले, "गुरुजी, ही चित्रकलेचंच शिकणार म्हणून बसलीय. तिची मामी म्हणते कोल्हापूर, पणजीचा पाहुणा म्हणतो गोव्याला पाठवा, कॉलेजातले सर म्हणतात म्हैसूर. हिनं मोबाईलवर अहमदाबाद बघून ठेवलंय. कुठं घालायचं ते तुम्हीच सांगा."

मी कागद उलगडले. डोंगर, सूर्य, नारळाचे झाड असले काही नव्हते. निम्म्या कागदांवर नुसती अक्षरे होती. आमच्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर 'गुंजी' हे नाव कन्नडात, देवनागरीत आणि इंग्रजीत आहे. तिने ते कन्नड व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत वीस-पंचवीस तऱ्हांनी काढून पाहिले होते. कन्नड अक्षराची गोलाई देवनागरीला दिली तर कशी दिसेल, देवनागरीची शिरोरेषा काढून टाकली तर काय होईल, असे तिचे एकटीचे उद्योग चालले होते. तिला हे कोणी शिकवले नव्हते. आमच्या शाळेत ती असताना चित्रकलेला शिक्षकच नव्हता.

'कोल्हापूर' हे उत्तर माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले, कारण याआधी एकदा मी घाई केलेली आहे आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

माझी चूक

पंधराएक वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली सुट्टीत काम करून त्याचे अक्षर तयार झाले होते. समितीचा सभासद म्हणून मी त्याला तेव्हा एकच सांगितले, "महाराष्ट्रात जा. आपली भाषा, आपली माणसे." कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, पदवी की पदविका, यातले काहीही मी पाहिले नाही. दाखल्यासाठी त्याला एका कार्यालयात सहा वेळा खेटे घालावे लागले. तोवर ज्या शाखेत जागा होत्या त्या भरल्या आणि जिथे जागा उरली होती तिथे तो बसला. अक्षरांचा मुलगा निसर्गचित्रे काढत राहिला. वर्षभरात परत आला.

आज तो तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापतो. धंदा बरा चालतो, माझ्यावर त्याचा रागही नाही. पण संगणकात जो फॉन्ट असेल तोच तो वापरतो, आणि स्वतःच्या हातचे अक्षर त्याने कित्येक वर्षांत काढलेले नाही. मी त्याला दिशा दाखवली, पण वाट दाखवली नाही. सीमाभागात आम्हा शिक्षक-कार्यकर्त्यांकडून ही चूक वारंवार होते, म्हणून हा लेख.

आधी विषय, मग कॉलेज

'चित्रकलेचे कॉलेज' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. त्याच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी आहेत. रेखा व रंगकला म्हणजे चित्रकार घडवणारी शाखा. उपयोजित कला म्हणजे जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बोधचिन्ह, वेष्टन, अक्षरांकन. शिल्प, धातुकाम, वस्त्रकला, मातीकाम या आणखी वेगळ्या वाटा. या शाखांची पदवी म्हणजे बी.एफ.ए., साधारण चार वर्षांची. याशिवाय अलीकडे बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी आली आहे. तिचा रोख वस्तू, कपडे, मोबाईलचे पडदे, दवाखान्यातले फलक, अशा वापरातल्या गोष्टींवर असतो.

डिझाइन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असा आपल्याकडे समज आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला या विषयावर अहवाल दिला. त्यात त्यांनी नमुना म्हणून वाखाणला तो आपला साधा तांब्या. धरायला हात कसा बसतो, पाणी ओतताना तोल कसा राहतो, कमरेवर किंवा डोक्यावर तो कसा टेकतो, घासायला सोपा कसा, असा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत गेला आणि तांब्या घडला. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. आपल्या खानापूरची माती, इथली कौले आणि इथली केंद्रीय ग्राम कुंभारी संस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विषय परका वाटायचे कारण नाही. कुंभाराच्या पोराने सिरॅमिकचे डिझाइन शिकावे यात नवल ते काय?

तेव्हा पहिला प्रश्न कॉलेजचा नाही. मुलाचा हात कशात रमतो, हे आधी पाहावे. वहीच्या मागच्या पानावर तो काय काढतो? माणसांचे चेहरे, गाड्यांचे भाग, कपड्यांवरची नक्षी, की अक्षरे? ती पाने गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतात.

लोंढ्यावरून फुटणाऱ्या वाटा

गुंजीच्या माणसाला दिशांची अडचण नाही. एका बाजूची गाडी बेळगाव, मिरजेकडे नेते. दुसऱ्या बाजूला लोंढा गाठले की एक फाटा गोव्याला उतरतो आणि दुसरा धारवाड, हुबळीवरून बेंगळूरकडे जातो. या प्रत्येक वाटेवर कलेची जुनी घरे आहेत.

मिरजेच्या वाटेवर कोल्हापूर. कलानिकेतन, दळवीज यांसारख्या संस्था तिथे आहेत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावात कलेचे वातावरण आहे. जे. जे. स्कूलमध्ये पुढे नावारूपाला आलेले म. वि. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत पोचलेले बाबूराव पेंटर कोल्हापूरचेच. शिकवणे मराठीतून समजते, सणाला घरी येता येते, खर्च आवाक्यात राहतो. पुढे पुणे, आणि त्याच्याही पुढे मुंबई. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि तिथल्याच परंपरेतली उपयोजित कला संस्था यांचे नाव कोणाला सांगायला नको. मात्र २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी तिथे शिकलेल्या कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये, प्रवेशाचे चालू वर्षाचे नियम वाचावेत.

गोव्याच्या वाटेवर पणजीचे गोवा कला महाविद्यालय, १९७२ पासूनचे, आल्तिन्योच्या टेकडीवर. रेखा व रंगकला आणि उपयोजित कला या त्याच्या प्रमुख शाखा. अंतराने ते आपल्याला जवळ. पण सरकारी कॉलेज म्हटले की निवासाच्या अटी येतात. पाहुण्याचे घर पणजीत आहे म्हणून प्रवेश मिळत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

तिसरी वाट धारवाड, बेंगळूर, म्हैसूरची. बेंगळूरची चित्रकला परिषद १९६० ची, म्हैसूरची चामराजेंद्र दृश्यकला अकादमी सरकारी. आमच्या बैठकांत या वाटेचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण इथे जन्मलेल्या आणि इथेच शिकलेल्या आपल्या मुलांना कर्नाटकाच्या सरकारी संस्थेत स्थानिक म्हणून अर्ज करता येतो. हा हक्क आपण रागापोटी सोडून द्यायचा का? सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जगप्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते पाहणाऱ्या कोणालाही चित्रकाराची मातृभाषा विचारावीशी वाटत नाही.

चौथी वाट सर्वांत चढाची. अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटींमधले बी.डेस. एनआयडीला कोणत्याही शाखेचा बारावी झालेला विद्यार्थी चालतो. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून ती पदवी देऊ लागली, त्याआधी पदविका असे. आयआयटींसाठी २०१५ पासून 'युसीड' ही परीक्षा होते आणि तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. या दोन्ही ठिकाणी नुसत्या सुबक चित्रावर भागत नाही, विचार कसा करता ते तपासतात. त्यांची तयारी निकालानंतर सुरू करून चालत नाही, ती दहावीनंतर लगेच सुरू व्हावी लागते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या सर्व वाटांच्या कडेने खाजगी डिझाइन कॉलेजांची चकचकीत दुकाने उघडली आहेत. त्यांत चांगली आहेत, तशी केवळ इमारतीची आहेत. फी भरण्याआधी विचारावे की ही पदवी की संस्थेचे प्रमाणपत्र, आणि पदवी असेल तर कोणत्या विद्यापीठाची. शेत गहाण टाकून प्रमाणपत्र आणल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

भाषा कुठे आडवी येते?

चित्राला भाषा नसते, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या वर्षी हात बोलतो. तिसऱ्या वर्षी तोंडाने बोलावे लागते. पाच परीक्षकांसमोर उभे राहून "मी हा रंग का घेतला, हे अक्षर इथे का वाकवले" हे सांगावे लागते, त्याला तिथे 'ज्युरी' म्हणतात. मराठी माध्यमातला मुलगा तिथे अडखळतो आणि त्याचे चांगले काम मागे पडते. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. एक, जिथे निदान पहिली दोन वर्षे मूल न लाजता प्रश्न विचारू शकेल अशी जागा शोधावी. दोन, पीयूसीपासूनच त्याला आपल्या कामाबद्दल इंग्रजीत पाच वाक्ये बोलायची सवय लावावी. केवळ मराठीच्या सोयीसाठी कमी दर्जाचे कॉलेज निवडणे हा मराठीवरचा उपकार नव्हे.

पण याच्या पलीकडे एक मोठी गोष्ट आहे. उपयोजित कलेत भाषा ही नुसती अडचण नाही, ती कच्चा माल आहे. संगणकावर आपण मराठी वाचतो तेव्हा पुष्कळदा 'मंगल' हा फॉन्ट समोर असतो. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. ते आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात शिकवत, २००८ साली वारले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे ज्यांच्या हातून वर्षानुवर्षे उतरली ते कमल शेडगे २०२० मध्ये गेले. मोडी लिपीचा अभ्यास करून सुलेखनाला नवे वळण देणारे अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपल्या नोटेवर, बिलावर दिसणारे रुपयाचे चिन्ह? २०१० साली ते स्वीकारले गेले. देवनागरीच्या 'र' वर ते बेतले आहे, आणि ते काढणारे डी. उदयकुमार तमिळनाडूचे आहेत. अक्षर ज्याला दिसते, त्याचे ते होते.

आता आपल्याकडे पाहा. १९५६ पासून आपण भाषेसाठी झगडतो आहोत. पाट्या, फलक, परिपत्रके यांवर मराठी दिसावी म्हणून मोर्चे निघाले, निवेदने दिली, लाठ्या खाल्ल्या. २०२४ मध्ये कर्नाटकाने पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती केली. त्याआधी २०२२ मध्ये महाराष्ट्राने सर्व दुकानांवर मराठी पाटी बंधनकारक केली. जागेसाठी भांडणे हा लोकशाहीतला हक्क आहे, तो सोडण्याचे कारण नाही. पण जी जागा आपल्या हातात आहे तिथे आपण काय करतो? यात्रेचे, गणेशोत्सवाचे, वाढदिवसाचे फ्लेक्स पाहावेत. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, जोडाक्षरे फुटलेली, रकार भलत्याच अक्षरावर चढलेला, आणि फोटोंच्या गर्दीत मराठी शब्द चेंगरलेला. हे काही कोणत्या सरकारने केलेले नाही.

एकाच फलकावर दोन लिप्या नांदवायच्या, दोन्ही सारख्या ठसठशीत वाचता आल्या पाहिजेत, एकीने दुसरीला दाबता कामा नये, हे डिझाइनमधले अवघड कोडे आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'बलू' नावाचे फॉन्टचे कुटुंब घडवले, त्यात देवनागरीबरोबर कन्नडसकट अनेक लिप्या आहेत. असल्या कामाला कन्नड आणि मराठी दोन्ही रोज वाचणारा डोळा लागतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला तो कष्टाने कमवावा लागेल. आपल्या मुलांकडे तो आयता आहे, आणि आपण त्याला ओझे समजत आलो.

दाखला आणि तयारी

महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाची वेगळी सोय ठेवलेली आहे. ती घ्यावी, ती हक्काची आहे. परंतु गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन्ही दाखले निकालाच्या आधी हातात असावेत. अर्जाची मुदत आणि कार्यालयाचा वेळ यांचे कधी जमत नाही, हे मी त्या मुलाच्या वर्षाची किंमत देऊन शिकलो. शिवाय आपण निवडलेल्या कॉलेजला आणि शाखेला ती सोय लागू आहे का, हेही विचारावे.

दाखला दार उघडतो, आत हात चालावा लागतो. महाराष्ट्रात उपयोजित कलेसाठी सामायिक परीक्षा होते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा कस लागतो. तिथली मुले शाळेतच एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा देऊन हे शिकून येतात. कर्नाटकातही चित्रकलेच्या लोअर आणि हायर ग्रेड परीक्षा आहेत. पण आपल्या किती मराठी शाळांतून मुले त्यांना बसतात? चित्रकलेच्या तासाला गणिताचे शिक्षक जातात आणि गणिते घालतात. मीही तेच केले आहे.

कोणी म्हणेल, पूर्वी कुठे होती ही कॉलेजे? बेळगावातच के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात शिकून रवी परांजपे मोठे झाले ना! झाले. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेल्या परांजप्यांची बोधचित्रे देशाबाहेर पोचली. पण त्या उदाहरणातले मर्म 'कॉलेज नको' हे नाही. गावात एक जाणता गुरू होता, हे त्यातले मर्म आहे. तो आज प्रत्येक शाळेत हवा.

म्हणून समितीपुढे, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांपुढे आणि पालकांपुढे माझे मागणे साधे आहे. प्रत्येक केंद्रशाळेत रविवारी दोन तास चित्रकलेचा वर्ग सुरू करावा. जुन्या पेंटर मंडळींना त्यात मानाने बोलवावे, त्यांचे ब्रशचे वळण अजून हातात आहे. दोन्ही राज्यांच्या ग्रेड परीक्षांची चौकशी करून मुलांना बसवावे. उत्सवाच्या वर्गणीतून दोन-चार होतकरू मुलांना कॉलेजे प्रत्यक्ष पाहून येण्याचे भाडे द्यावे. आणि पाहायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा, शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामे बघा. शिक्षक कायम आहेत की तासिकेवरचे? देवनागरी अक्षरांकन शिकवतात का? कागद, रंग, संगणक यांचा खर्च फीशिवाय किती येतो? मुलींचे वसतिगृह कुठे आहे? एवढ्या उत्तरांवर निवड आपोआप स्पष्ट होते.

त्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर दिले नाही, हेच प्रश्न कागदावर लिहून दिले. बापलेक कोल्हापूर पाहून आले. म्हैसूरची चौकशी तिने फोनवर कन्नडात स्वतः केली, तेव्हा तिच्या वडिलांना तिचे प्रथमच कौतुक वाटले. मग तिने ठरवले ते असे. उपयोजित कलेची पदवी मिळणारे कॉलेज घ्यायचे. पहिली पसंती कोल्हापूरची. तिथे शाखा मिळाली नाही तर दुसऱ्या शाखेत बसायचे नाही, म्हैसूरला अर्ज करायचा. अहमदाबाद पदवीनंतर पाहू. कोणत्या राज्यात जायचे यापेक्षा काय शिकायचे हे तिने पक्के धरले. माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याला मला हे सांगता आले असते तर!

जाताना ती म्हणाली, "गुरुजी, शाळेच्या पाटीवरचं अक्षर वाकडं आहे. सुट्टीत येऊन दोन्ही भाषांत नीट काढून देऊ का?" मी हो म्हटले. मुख्याध्यापकांना अद्याप विचारायचे आहे. रंगाचे पैसे मी देणार आहे.